भिंतीवरचं उलटं सलून

आमच्या आत्याचा पासपोर्ट फोटोंचा स्टुडिओ होता. "मान सरळ, हनुवटी खाली, हसू नका," हे ती दिवसातून चाळीसदा म्हणायची, म्हणून गल्लीत तिला सगळे 'हसूनका ताई' म्हणायचे. ती स्वतः मात्र एक नंबरची हसरी. गिऱ्हाईक गंभीर तोंड करून बसलं की हिलाच हसू फुटायचं आणि कॅमेरा हलायचा.

खाली स्टुडिओ, वर घर. वर रस्त्याच्या बाजूला एक अडगळीची खोली होती. एका दुपारी आत्याच्या सासूबाई तिथे जुनं पातेलं शोधायला गेल्या. मागून दार लागलं आणि हाक आली, "अगं ए, भिंतीवर माणसं डोकं खाली करून चाललीयत!"

सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन जेमतेम महिना झाला होता. ती गिऱ्हाइकाला तसंच ताठ बसवून वर धावली. बघते तर काय, खिडकीच्या लाकडी झडपेतली एक गाठ निखळून बोटाएवढं भोक पडलेलं, आणि त्यातून शिरलेल्या उजेडाने समोरचा अख्खा रस्ता रंगासकट भिंतीवर उलटा उतरलेला. छताखालून स्कूटर पळतायत, त्यांच्याखाली समोरचं काचेचं सलून लटकतंय आणि आभाळ फरशीवर सांडलंय.

"आई, तुमचे डोळे ठणठणीत आहेत," आत्या म्हणाली. "ही खोलीच कॅमेरा झालीय. आपण त्याच्या पोटात उभ्या आहोत."

सासूबाईंनी पातेलं विसरून खुर्ची मागवली. दुसऱ्या दिवसापासून त्यांचा टीव्ही बंद. "हे बरं, जाहिराती नाहीत," म्हणायच्या. संध्याकाळी जिन्यात बसून त्या गल्लीची बातमीपत्रं देऊ लागल्या. त्यात रोजची ठळक बातमी एकच: सलूनवाला गिऱ्हाइकापेक्षा स्वतःचेच केस जास्त विंचरतो.

बातमी रस्ता ओलांडून पोचायला किती वेळ? तिसऱ्या दिवशी सलूनवाला हातातल्या कात्रीसकट वर हजर. "दाखवा मला! बघू तरी मी कसा दिसतो."

त्याला अंधारात बसवलं. तो बराच वेळ मान वाकडी करून बघत राहिला. "सलून दिसतंय. गिऱ्हाईक दिसतंय. मी कुठंय?"

"तू इथे आहेस," सासूबाई म्हणाल्या.

त्याला ते पटेना. तो धावत खाली गेला, खुर्चीमागे उभा राहिला आणि धापा टाकत परत आला. "आता दिसलो?"

"दिसलास की."

"मग मला का नाही दिसलो?"

आत्या पदर तोंडात धरून हसली, पण त्याचा पडलेला चेहरा बघून तिला वाईटही वाटलं. ट्रंकेत कृष्णधवल फोटोंचे जुने मोठे कागद उरले होते. दुसऱ्या दिवशी भोक झाकून, लाल दिवा लावून तिने एक कागद भिंतीवर डकवला. मग भोक उघडून झडपेआडूनच ओरडून सांगितलं, "वीस मिनिटं हलायचं नाही!"

"न हलता केस कसे कापू?" तो खालून ओरडला.

"मग सावकाश कापा!"

त्या वेळी खुर्चीत शाळेचे मुख्याध्यापक होते. मानेला कापड गुंडाळताच त्यांना झोप लागायची, तशी लागली.

कागद धुतला, त्यावरून सुलटा फोटो काढला. आरसा, खुर्ची, बाटल्या सगळं लख्ख. मुख्याध्यापकही लख्ख, तोंड आ वासलेलं, एक दात नसलेला तोही दिसतोय. आणि सलूनवाल्याच्या जागी नुसता धुराचा लोट!

आत्या चाचरत म्हणाली, "तुम्ही हललात हो."

सलूनवाल्याने फोटो उजेडात धरला. त्याची छाती फुगली. "बघा! किती काम करतो मी! कॅमेऱ्यालासुद्धा सापडलो नाही." मग सासूबाईंकडे वळून, "म्हणे केस विंचरतो!"

सासूबाईंनी खुर्ची पुन्हा भिंतीकडे वळवली.

फोटो फ्रेम होऊन सलूनच्या दारातच लागला. येणारा जाणारा थांबून बघायचा. धुराला कुणी ओळखायचं नाही, मुख्याध्यापकांना मात्र पहिलीतली पोरंसुद्धा ओळखायची. त्यांनी दुसरं सलून शोधलं. तिथला माणूस इतक्या गप्पा मारायचा, की डोळा लागेना. अडीच महिन्यांनी केस कानांवर आले तेव्हा ते मुकाट्याने परतले आणि खुर्चीत बसण्याआधी स्वतःच्या हाताने काचेवरचा पडदा ओढून घेतला.

वर सासूबाई चरफडल्या. ऐन रंगात आलेला कार्यक्रम त्या पडद्याने बंद पाडला होता.