वन्संचा हात

माझं माहेर भोंगवलीचं. तिथं पाणी म्हणजे विहिरीच्या तळाशी चकाकणारं, पोहऱ्यानं वर ओढायचं. लग्न होऊन मी वेल्ह्याच्या अंगाला, धरणाच्या काठावरच्या गावात आले, तेव्हा एवढं पाणी पहिल्यांदा बघितलं. आमच्या दारातून ते दिसायचं. मला ते बघत बसायला आवडायचं, हेही सांगितलं पाहिजे.

घरात आम्ही चार बायकाच म्हणायच्या. हे पुण्याला गिरणीत, महिन्यातून एकदा यायचे. सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायची. माझी दोन वर्षांची मुलगी. आणि नणंद, म्हणजे वन्सं. वन्सं अठराच्या, माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. आमच्या बौद्धवाड्यात सातवी पास झालेली पहिली मुलगी त्याच. मी चौथीतून काढलेली. वाण्याच्या पुडीचा कागद सुटा करून त्या मला चुलीपुढं वाचायला लावायच्या. ह्यांना पाठवायचं पत्र मी लिहायची आणि त्या ऱ्हस्व-दीर्घ सुधारायच्या. नको ते वाचलं की हसायच्या.

साठ-सत्तरच्या मधलं साल. भादवा होता, धरण काठोकाठ भरलेलं. वन्संना मास्तरणीच्या ट्रेनिंगचा अर्ज भरायचा होता, त्यासाठी भोरला जायचं. होडीतून पलीकडं उतरायचं आणि तिथून एसटी धरायची. मुलीला आत्याबाईंजवळ ठेवून सकाळी आम्ही निघालो तर वारा सुटलेला. वन्सं काठावर थांबल्या.

"वहिनी, वारं लई हाय. उद्या जाऊ."

पण त्या दिवशी भोरचा बाजार होता. मला मुलीसाठी बांगड्या घ्यायच्या होत्या. चार महिन्यांत मी गावाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं.

"उद्या कुठला बाजार? काय हुत न्हाई, चला," मी म्हणाले.

त्या आल्या. माझ्यासाठी आल्या.

होडीत माणसं दाटून बसलेली, मध्ये तांदळाची पोती, दोन शेळ्या. अर्ध्या पाण्यात वारा आडवा लागला. एक पोतं घसरलं, शेळी उडाली, आणि घाबरून सगळी माणसं एकाच बाजूला उठली. नावाडी ओरडत होता, "बसा, खाली बसा!" पुढचं मला आवाजाशिवाय आठवतं. पाणी गढूळ होतं आणि गार होतं. वन्संनी माझं डावं मनगट धरलं होतं. पोहता दोघींनाही येत नव्हतं. त्या मला खाली ओढत होत्या. मुद्दाम नाही, बुडणारं माणूस जे हाताला लागेल ते धरतं. मी उजव्या हातानं त्यांची बोटं सोडवली. एकेक करून. मग मी वर आले, नावाड्यानं माझा बुचडा धरला आणि उलटलेल्या होडीवर मला ओढलं.

तिघं गेली. वन्सं दुसऱ्या दिवशी काठाला लागल्या. शाळेचा दाखला त्यांनी मेणकापडात गुंडाळून कमरेला बांधला होता. तो कोरडा निघाला. आत्याबाईंनी तो उघडून बघितला. त्यांना वाचता येत नव्हतं.

माती झाल्यावर, बायका उठून गेल्यावर आत्याबाईंनी मला विचारलं, "काय म्हनली का गं ती?"

"न्हाई, आत्याबाई. हात सुटला."

सुटला, असं मी म्हणाले. आपल्या भाषेत सुटणं आणि सोडवणं यांत केवढं अंतर आहे, ते मला त्या दिवशी कळलं.

सुरुवातीला मी बरी होते. भात काढला, कांडला. मग एक दिवस कळशी भरताना ती बुडबुडली आणि माझा श्वासच बंद झाला. मी कळशी टाकून पळाले. त्यानंतर ते वाढतच गेलं. डोक्यावरून पाणी घेता येईना. तोंडावर शिंतोडा उडाला तरी मी पुन्हा तिथंच, त्या गढूळ पाण्यात. आठवण यायची असं नाही, मी तिथं असायचीच. दार मी बंदच ठेवायची, कारण समोर धरण. केसांत जटा झाल्या. वाड्यातल्या बायका म्हणायला लागल्या, हिला लागीर झालंय, नणंद धरून बसलीय, देवऋष्याकडं न्या. आत्याबाईंनी त्यांना दारातूनच परत पाठवलं. "धर्म घेतला तवा ते समदं सोडलं आमी. माझी लेक कुनाला धरायची न्हाई." भोरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा आहे. लाल औषधाची बाटली दिली.

माझ्या मनगटाला कुणी हात लावला की मी झटकून द्यायची. एका दुपारी मी तांदूळ निवडत होते. मुलगी मागून आली आणि तिनं हसत माझं डावं मनगट दोन्ही हातांनी धरलं. मी तिला किती जोरात ढकललं, ते मला ती पडल्यावर समजलं. उंबऱ्यावर कपाळ फुटलं. रक्त बघूनही मला तिला उचलता आलं नाही. मी भिंतीला चिकटून उभी राहिले. आत्याबाईंनी तिला उचललं, हळद दाबली आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तू जा म्हायेरी. पोर मी बघते."

ह्यांनी मला भोंगवलीला सोडलं. पिशवी ओट्यावर ठेवून ते उलट्या पावली परतले. त्यांचीही बहीण गेली होती.

माहेरी पाणी कमी, तरी मी बरी झाले नाही. आई फडकं ओलं करून माझं अंग पुसायची. मुलगी जवळ नव्हती म्हणून मी रडायची आणि मुलगी नव्हती म्हणून सुटल्यासारखंही वाटायचं. असं वाटणारी आई मी. असं एक वर्ष गेलं.

पुढच्या दिवाळीनंतर आत्याबाई आल्या, मुलीला घेऊन. मुलगी त्यांच्या पदराआड लपली. मला ओळखत नव्हती. आई चहा करायला गेली आणि आम्ही अंगणात बसलो.

"चल आता," आत्याबाई म्हणाल्या. "पोरगी आई मागती."

मग माझ्याच्यानं राहवलं नाही. "आत्याबाई, हात सुटला न्हवता. म्या सोडवला. त्यांनी धरला हुता, म्या बोटं सोडवली."

चहा आला, तो आत्याबाईंनी तसाच ठेवला. उठून बांधाकडं गेल्या आणि पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता त्या मुलीला घेऊन एकट्याच जातील. मुलगी मातीत रेघा ओढत होती. ऊन कलायला लागल्यावर त्या परत आल्या.

"हे मला सांगाया नगं हुतंस," म्हणाल्या. मग मुलीच्या हातांची माती झटकत, "कापडं भर."

एसटीतून उतरल्यावर होडीनं गेलो असतो तर अर्ध्या तासाचं काम. आत्याबाई मला पाण्याला वळसा घालून पायवाटेनं घेऊन गेल्या. मुलीला कडेवर घेतलेलं, गुडघे दुखणारे, साठीची बाई. पाणी दिसायला लागलं की त्या पाण्याच्या बाजूनं चालायच्या आणि मला डोंगराच्या बाजूला ठेवायच्या. वाटेत माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत.

महिनाभर बोलल्या नाहीत. पण दर रविवारी मला मोरीत बसवायच्या. पहिल्यांदा नुसतं बसवलं, पाणी टाकलंच नाही. मग पायावर. मग पाठीवर. तांब्या माझ्या डोळ्यांपुढं धरायच्या, "आता खांद्यावर टाकते," असं सांगून मगच टाकायच्या. त्या महिन्यात माझ्याशी बोललेले शब्द तेवढेच. डोक्यापर्यंत यायला उन्हाळा लागला. जटा सुटेनात तेव्हा त्यांनी कात्री घेतली, केस मानेपर्यंत कापले आणि चुलीत टाकले. मुलीला त्यांनी शिकवलं, "आईला म्होरून हाक मारायची, मंग हात लावायचा." ती तीन-चार वर्षांची पोर तसं करायला लागली. समोर येऊन "आई, मी हाय" म्हणायची, आणि मग माझ्या पदराला धरायची. दुसऱ्यांची मुलं आयांच्या अंगावर धावत जायची. माझी परवानगी घ्यायची.

पुष्कळ वर्षांनी एका डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं, की या दुखण्याला नाव आहे, लढाईवरून आलेल्या माणसांनाही ते होतं. आत्याबाईंना ते नाव माहीत नव्हतं.

मग एका वर्षी पाऊस कमी झाला आणि वैशाखात धरण पार तळाला गेलं. काठावरची माणसं गाळात काकड्या लावायला उतरली. एका सकाळी आत्याबाई म्हणाल्या, "चल." कुठं ते सांगितलं नाही. आम्ही भेगाळलेल्या चिखलावरून चालत गेलो. पाय खाली गेला की मी थांबायची, त्याही थांबायच्या. बरंच आत गेल्यावर त्यांनी विचारलं, "कुठं गं?"

मला सांगता येईना. पाणी होतं तेव्हा ती जागा मला रोज दिसायची. पाणी गेल्यावर सगळीकडं सारखाच चिखल होता. मी म्हणाले, "कळत न्हाई, आत्याबाई."

त्या तिथंच खाली बसल्या. मातीच्या दिवशीही त्या रडल्या नव्हत्या. आता त्या वन्संचं नाव घेऊन हंबरडा फोडून रडल्या, कपाळ त्या वाळक्या गाळाला लावून. मी चार हात लांब उभी. जवळ जाण्याचा हक्क मला आहे का, हे मला कळत नव्हतं, आणि त्यांनीही बोलावलं नाही. काकडीच्या वाफ्यातली माणसं आमच्याकडं बघून पुन्हा कामाला लागली.

ऊन चढलं तशा त्या उठल्या. पदरानं तोंड पुसलं.

"मला वाटायचं, तू उद्या जा म्हनली असतीस तर," त्या म्हणाल्या. "पर म्याच तिला म्हनली हुती, आजच जा, अर्जाची तारीख सरंल."

हे मला माहीत नव्हतं. चार वर्षं त्यांनी ते मला सांगितलं नव्हतं. त्यांनी लुगड्याला लागलेली माती झटकली आणि त्या पुढं निघाल्या, मी मागून. घरी पोचेपर्यंत दोघींच्याही पायांवरचा चिखल वाळून पांढरा पडला होता.