साडूंनी पास केलेली गाडी

माझ्या साडूंच्या नजरेतून सुटेल असा दोष अजून जन्माला यायचा आहे, असं आमच्या सासरी सगळे मानतात, आणि मानणाऱ्यांत पहिला नंबर स्वतः साडूंचाच. विक्रोळीच्या एका कारखान्यात ते गेली तीस वर्षं तयार माल तपासायच्या कामावर आहेत. एखादा नट केसभर वाकडा दिसला की त्यावर लाल खडूची फुली मारायची आणि तो बाजूला टाकायचा, हे त्यांचं काम. कारखाना संध्याकाळी सुटतो, साडू काही सुटत नाहीत. बाजारात ते सहा नारळ कानाशी धरून हलवतात आणि यातला कुठला चार दिवसांत नासणार हे नारळवाल्यालाच सांगून येतात. माझ्या लग्नाचं जमत होतं तेव्हा मुलीकडची मंडळी आमचं घर पाहायला आली होती. बाकीचे पोहे खात होते आणि थोरले जावई म्हणून आलेले साडू आमचा दरवाजा उघडून लावून, उघडून लावून बघत होते. निघताना सासऱ्यांना म्हणाले, "मुलगा ठीक आहे. बिजागरीला तेल घालायला सांगा." त्या 'ठीक आहे'वर माझं लग्न झालं. त्याहून मोठं प्रमाणपत्र मला आयुष्यात कुणी दिलेलं नाही.

अशा माणसाला जुनी गाडी घ्यायची वेळ आली. ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण आणि साडूंची बायको, पवईच्या एका शाळेत पाचवीला मराठी शिकवतात. राहतात मुलुंडला. गेल्या दिवाळीत त्यांचे गुडघे अगदीच बोलायला लागले आणि डॉक्टरांनी सांगितलं, जिने बंद, स्टेशनचा पूल बंद, रिक्षाचे धक्केही नकोत. शाळेची तीन वर्षं राहिली होती. ताईंनी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहून पर्समध्ये ठेवला. तो द्यायला एप्रिलअखेरपर्यंत मुदत होती. "यंदाची पोरं फार गोड आहेत हो," एवढंच त्या मला म्हणाल्या आणि भाजी निवडायला लागल्या. त्यांचा चेहरा मला बघवला नाही. साडूंनाही बघवला नसावा, कारण ज्या माणसाने कारखान्याचा टेम्पो चालवला होता, पण उभ्या जन्मात स्वतःच्या चारचाकीचं नाव काढलं नव्हतं तो त्याच संध्याकाळी म्हणाला, "शाळा कित्याक सोडतंस? गाडी घेऊया. रोज सोडीन मी तुका."

नवी गाडी झेपणारी नव्हती, तेव्हा जुनी, स्वस्तातली शोधायची ठरली. पुढचे चार महिने प्रत्येक रविवारी साडू आणि त्यांच्यामागे मी, असे आम्ही घाटकोपरपासून बोरिवलीपर्यंत गाड्या बघत हिंडलो. साडूंच्या पिशवीत एक लोहचुंबक असे. तो पत्र्यावरून फिरवायचा आणि जिथे चिकटणार नाही तिथे रंगाखाली पुटी भरलेली आहे हे ओळखायचं. एक लांब स्क्रूड्रायव्हर असे, त्याचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावून ते डोळे मिटत. घाटकोपरची एक चांगली गाडी त्यांनी एवढ्यासाठी नापास केली, की ब्रेकच्या पॅडलचं रबर एकाच बाजूला झिजलं होतं. "हा माणूस चपला घालून गाडी चालवायचा," ते मालकासमोरच म्हणाले. मालकाने आपल्या पायांकडे बघितलं. पायांत चपला होत्या. भांडुपच्या एका गाडीच्या दारावर तर त्यांनी सवयीने लाल खडूची फुलीच मारली, आणि तिथून आम्हाला जरा घाईने निघावं लागलं. मार्च उजाडला, ताईंच्या पर्समधला अर्ज दुमडून दुमडून मऊ पडला, आणि मला वाटायला लागलं की गाडी मिळण्याआधी मुदत संपणार.

शेवटी बोरिवलीला ती सापडली. भडक लाल, टपावरून काळे पट्टे, मागे पंखासारखं काहीतरी बसवलेलं, चाकं काळी, आणि सुरू केली की गल्लीतली कुत्री उठून उभी राहतील असा आवाज. व्यायामशाळेत जाणाऱ्या एका तरुणाने हौसेने घेतली होती आणि तो आता परदेशी निघाला होता. तरुणांना तिचं पेट्रोल परवडत नव्हतं, वयस्करांना तिच्यात बसायची लाज वाटत होती, म्हणून ती निम्म्याहून कमी भावात पडून होती. साडूंनी दोन तास तपासणी केली. खाली झोपून बघितलं, तेल पांढऱ्या रुमालाला पुसून बघितलं, चुंबक फिरवला. तो सगळीकडे चिकटला. मी हळूच म्हणालो, "अहो, ही पोरांची गाडी आहे. तुम्ही सत्तावन्न वर्षांचे." साडू कपड्यावरची धूळ झटकत उठले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं म्हटलं तर ते चिडतील, पण होतं. "साडूभाऊ, गाडी चोख आसा," ते म्हणाले. "एक दोष काढून दाखवा."

दोष दुसऱ्या दिवशी निघाला. सोसायटीच्या आवारात गाडीची पूजा झाली, नारळ फुटला, चाकाखाली लिंबू गेलं, आणि ताईंना मानाने पुढच्या सीटवर बसवून साडूंनी एक फेरी मारली. परत आल्यावर सगळे उतरले, ताई उतरेनात. "अहो," आतून बारीक आवाज आला, "मला उठता येत नाहीये." ती सीट जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच होती, शर्यतीच्या गाडीसारखी, खोलगट. दुखऱ्या गुडघ्यांनी तिच्यातून वर येणं म्हणजे विहिरीतून वर येणं. चार महिन्यांत साडूंनी एकूण एकवीस गाड्या तपासल्या होत्या. इंजिन तपासलं, पत्रा तपासला, चालकाच्या सीटवर बसून आरसेसुद्धा तपासले. पण जिच्यासाठी गाडी घ्यायची तिच्या जागेवर ते एकदाही बसले नव्हते, आणि तिला सोबत न्यायचं तर त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं, कारण तपासणीच्या वेळी कारखान्यात बाहेरच्या माणसाला प्रवेश नसतो. आम्ही चौघांनी मिळून ताईंना बाहेर काढलं. त्या रात्री साडू जेवले नाहीत.

मग सुरू झाले उपाय. सीटवर जाड उशी घातली, तर ताईंचं डोकं टपाला लागायला लागलं. बाहेर ठेवायला पाट केला, तर पाय पाटावर आणि बाकीच्या ताई आतच. दाराला पट्टा बांधला, तो ताईंच्या हातात आला. शेवटी उरला एकच उपाय, आणि साडूंना तो सगळ्यात अवघड. आमच्या सासरच्या वळणात नवरा-बायको चारचौघांत हात धरत नाहीत. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, पण रस्त्यात साडू पुढे आणि ताई दहा पावलं मागे, हेच आम्ही बघत आलो. माझं ऑफिस पवईलाच, म्हणून मी मागच्या सीटवर गुडघे हनुवटीला लावून रोज बरोबर जाऊ लागलो होतो, त्यामुळे तो पहिला दिवस मला बघायला मिळाला. साडूंनी शाळेच्या फाटकाशी गाडी थांबवली, उतरून वळसा घातला, रस्ता ओलांडायचा असल्यासारखं दोन्ही बाजूंना बघितलं आणि दोन्ही हात पुढे केले.

"अहो, पोरं बघतायत," ताई पुटपुटल्या.

"बघूं देत गो. धर हात. एक, दोन, तीन!"

ताई वर आल्या. चार दिवसांत पोरांना वेळ पाठ झाली. लाल गाडीचा आवाज वळणावर ऐकू आला की अर्धी पाचवी फाटकाशी जमायची आणि 'एक, दोन, तीन!' असा गजर करायची, आणि तीनला ताई उभ्या राहिल्या की टाळ्या. ताई लाजून लाल व्हायच्या. साडू मात्र खरं काम मिळाल्यासारखे गंभीर असत. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात ताईंनी गाडीतच पर्स उघडली, अर्जाचे चार तुकडे केले आणि माझ्या हातात दिले. "ऑफिसात टोपली असेल ना हो?" त्या म्हणाल्या. साडू समोर बघून गाडी चालवत राहिले, फक्त चाळिसाचा वेग पंचेचाळीसवर गेला.

एरवी चाळिसाच्या वर साडू ती गाडी नेत नाहीत, हे सांगायचं राहिलं. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवरचा प्रत्येक टेम्पो, आणि एकदा तर विटांची हातगाडीही, आम्हाला मागे टाकून गेली आहे. सिग्नलला मोटारसायकलवाले पोरगे शेजारी येऊन इंजिन गुरगुरवतात. "काय काका, होऊन जाऊ दे ना एक रेस!" साडू काच खाली करतात, त्यांच्या चाकाकडे बघतात आणि सांगतात, "चेन ढिली आहे रे तुझी. आजच आवळून घे, वाट लागेल नाहीतर." पोरगा सिग्नल सुटला तरी खाली वाकून चेन बघत बसलेला असतो.

मे महिन्याच्या सुट्टीत ताईंना व्यायाम शिकवायला एक बाई घरी येऊ लागल्या. मांडीच्या स्नायूंत जोर आला की गुडघ्यावरचा भार कमी होतो म्हणे. ताईंनी रोज नेमाने व्यायाम केला, आणि साडू घड्याळ धरून शेजारी उभे. दरम्यान त्यांनी ताईंसाठी एक उंच सीटची गाडी शोधून ठेवली आणि लाल गाडीला गिऱ्हाईकही मिळवलं. ताई म्हणाल्या, "राहू दे." साडूंनी त्याच संध्याकाळी गिऱ्हाइकाला नाही कळवलं.

जूनमध्ये शाळा उघडली. साडू नेहमीसारखे उतरले आणि वळसा घालून आले. तोवर ताई दाराची कड धरून आपल्या आपण सहज उभ्या राहिल्या होत्या. साडू दोन्ही हात पुढे करून तसेच थांबले. "बरां झाला," ते म्हणाले. खरंच बरं झालं होतं, त्यासाठीच तर सगळा खटाटोप होता. पण हात खाली घ्यायचं त्यांना सुचेना. फाटकाशी नव्या पाचवीची पोरं नुसती बघत होती, त्यांना काहीच माहीत नव्हतं. ताईंनी त्या हातांकडे पाहिलं. मग साडीचा पदर सावरला आणि त्या पुन्हा सीटवर जाऊन बसल्या.

"नाही हो जमत अजून," त्या म्हणाल्या. "धरा."

ज्यांना नटाचा केसभर वाकडेपणा दिसतो त्यांना हे दिसलं नसेल, असं मला वाटत नाही. पण साडूंनी एक म्हटलं, दोन म्हटलं, आणि तीन जरा जास्तच मोठ्याने म्हटलं. मी मागच्या सीटवर बसून उगाचच मोबाइल काढला आणि बघत राहिलो. ताईंच्या नोकरीची आता दोनच वर्षं राहिली आहेत. त्यानंतर सकाळची ही गाडी पवईला यायची नाही, आणि मला त्याचं आत्तापासूनच वाईट वाटतं.