रूटच्या दारावर साडू

माझ्या थोरल्या साडूंइतका सावध माणूस अख्ख्या सातारा जिल्ह्यात सापडणार नाही, आणि सावधपणापायी इतकं नुकसान केलेलाही सापडणार नाही. सैन्यात सिग्नलला होते. निवृत्त होऊन आमच्याच दूध संघात कॉम्प्युटर सांभाळायला आले आणि माझ्या डोक्याला ताप झाला. चोरी होऊ नये म्हणून हा माणूस लग्नकार्यात एक चप्पल पुढच्या दाराशी काढतो आणि दुसरी मागच्या. माझ्या लग्नातही काढली, मग दुसरी कुठं काढली ते विसरून अनवाणी घरी गेले. वर म्हणतात, "पण चोरीला गेली का?"

संघाच्या मशीनवर रूट नावाचं मुख्य खातं आहे. त्यात शिरलं की समोर शेल येते आणि आपण टाइप केलेला हुकूम मशीनला कळवते. मला नवी शेल हवी होती, वरचा बाण दाबला की मागचे हुकूम आठवून देणारी. साडूंना जुनी, मठ्ठ. "नवी दुसऱ्या डिस्कवर हाय, पाव्हणं. ती डिस्क उठली न्हाई तर रूट जाणार कुठं?" मुद्दा बरोबर होता, म्हणून तर जास्त राग यायचा. वाद मिटेना. शेवटी एका दुपारी मला न विचारता त्यांनी रूटला त्याहून सुरक्षित शेल लावली, कुणालाच आत न घेणारी. आणि मशीन नीट उठतंय का बघायला बंद करून चालू केलं.

आता रूटमध्ये ना मी शिरू शकत होतो, ना ते. दुधाच्या काट्याचा प्रोग्राम रूटशिवाय सुरू होत नाही. गेटवर कॅन भरलेले टेम्पो उन्हात उभे.

"आवं सायेब, दूध नासंल की," टेम्पोवाला कळवळून म्हणाला.

साडू शांत. "पण आता चोर आला तरी आत शिरणार न्हाई."

"चोर कशाला येतोय? तुमी एकटं बास हाय," मी म्हणालो. पेनड्राइव्हवरून मशीन उठवून मी शेल बदलली, तोवर पुढच्या टेम्पोतलं दूध नासलं होतं. ज्यांचं ते दूध, त्यांची तोंडं बघून माझं टाळकं सरकलं. "या खोलीत परत पाऊल टाकू नका," मी सांगितलं.

त्यांनी टाकलं नाही. कवठे महांकाळला मुलीकडे राहायला गेले. फोनवर एवढंच विचारतात, "दार उघडतंय न्हवं?"

उघडतंय. त्या गडबडीत मी त्यांचीच जुनी शेल लावली होती, ती अजून तशीच आहे. सवयीनं वरचा बाण दाबतो, तर वेडीवाकडी अक्षरं उमटतात. साडूंनी इथं बसून काय काय टाइप केलं, त्यातलं तिला काही आठवत नाही. मला सगळं आठवतं, आणि राग तर अजिबात गेलेला नाही. रोज सगळे हुकूम पहिल्यापासून हातानं टाइप करतो आणि मोठ्यानं त्यांना शिव्या घालतो. शेजारची खुर्ची मात्र उलटून काही बोलत नाही.