भगवंत सरांचे एकेचाळीस गुण

घोडेगावात दलीचंद शेटजींच्या कापडदुकानावर एक लांबट खोली होती. तिथं भगवंत सरांनी सोळा वर्षं मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवलं. मोठी म्हणजे खरोखरच मोठी: एसटीचे कंडक्टर, पंचायत समितीतले कारकून, औषधाच्या डब्यावरचं वाचता यावं म्हणून येणारे बागाईतदार.

नव्वद-एक्क्याण्णवच्या साक्षरता मोहिमेत गावोगाव हिंडताना सरांना एक गोष्ट पक्की कळली होती. मोठ्या माणसाची चूक चारचौघांत काढली की तो दुसऱ्या दिवशी फिरकत नाही. म्हणून वर्गात कुणी अडखळलं की सर म्हणायचे, "झकास! चला, जरा पाणी पिऊन येऊ." मग त्याला बाहेर माठापाशी न्यायचं आणि हळूच दुरुस्ती सांगायची. अंगणवाडीच्या सारजाबाई तर म्हणायच्या, "सर, मी विंग्रजी शिकले का नुसतं पाणीच पिले, काय कळंना!" पण शिकल्या मात्र.

मग अवसरीला इंजिनिअरिंग कॉलेज निघालं आणि आजूबाजूच्या पोरापोरींना इंग्रजी बोलायची घाई झाली. शेटजींचा मुलगा अरिहंत हुशार. त्यानं खोलीत दहा कॉम्प्युटर बसवले. कानाला हेडफोन लावायचा, माईकमध्ये वाक्य बोलायचं, की यंत्र शंभरपैकी गुण देणार. यंत्रं सांभाळायला त्यानं कॉम्प्युटर शिकलेल्या आपल्या पुतणीला, सिद्धीला, बसवलं.

"सर, वर्ग तुमचाच," अरिहंत म्हणाला. "पण ही नवी पोरं टिकली पाहिजेत. दिवाळीपर्यंत बघू, मग ठरवू."

बावन्न वर्षांच्या सरांना शिकवण्यापलीकडं काहीच येत नव्हतं, आणि दुसरं काही यावं असं त्यांना कधी वाटलंही नव्हतं. ते रोज तासभर आधी यायचे आणि सिद्धीशेजारी बसून माउस धरायला शिकायचे. बाण पडद्याच्या कोपऱ्यात जाऊन बसायचा आणि सर माउस पार टेबलाच्या कडेपर्यंत रेटत न्यायचे.

पोरांशी मात्र जमेना. भरत नावाचा एक पोरगा तर तोंडावरच म्हणाला, "सर, माझं काय चुकतंय ते इथंच सांगा ना. इंटरव्ह्यूत मला कोण पाणी पाजणारंय?" सरांना चुका कळतच नाहीत, अशी कुजबुज सुरू झाली. पंचविसाची चौदा पोरं राहिली. तिकडं जुनी मंडळी पोरांदेखत हेडफोनला हात लावीनात. बागाईतदार सोपानराव म्हणाले, "आमाला लई लाज वाटती, सर. नातवाच्या वयाची पोरं हायेत."

हातातून सगळंच निसटत चाललं होतं. शेवटी सरांनी मनाचा हिय्या केला. गुण भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर दाखवायचे, म्हणजे पोरांचं समाधान होईल. आणि मोठ्यांची भीड चेपावी म्हणून पहिल्यांदा आपणच बोलायचं.

"सर, आधी एकट्यानं करून बघा," सिद्धी म्हणाली.

"चोरून कशाला? आधी मास्तर, मग बाकीचे."

शनिवारी खोली भरली. सरांनी हेडफोन चढवला आणि सोळा वर्षं शेकडो जणांकडून घोकून घेतलेलं वाक्य खणखणीत म्हटलं. पडद्यावर आकडा आला, एकेचाळीस. ऐकू गेलं नसेल असं वाटून सर आणखी मोठ्यानं बोलले. अडतीस. सिद्धी घाईघाईनं सांगू लागली की यंत्र परदेशी आवाजांवर तयार केलंय, आपले उच्चार त्याला कळत नाहीत. पण तेवढ्यात भरतनं माईक घेतला होता, आणि त्याला सदुसष्ट मिळाले.

सोमवारी जुन्यांपैकी एकही आला नाही. सोपानराव बाजारात भेटले, तर नजर चुकवून म्हणाले, "बागंत काम निघालंय, सर."

वर्ग जाईल याची भीती सरांना आधीपासून होतीच. आता त्याहून वाईट काहीतरी छातीवर येऊन बसलं. सोळा वर्षं मी लोकांना चुकीचंच तर शिकवलं नाही? कंडक्टर, कारकून, सगळे ते चुकीचं घेऊन विश्वासानं बोलत फिरत असतील? घरात कुणाशी बोलावं, तर काय बोलणार?

दिवाळीनंतर अरिहंतनं शक्य तितक्या हळुवारपणे सांगितलं, "सर, प्रवेश आणि हजेरी तुम्ही बघा. शिकवायचं सिद्धी बघेल." सर बरं म्हणाले आणि दाराजवळच्या टेबलाशी बसू लागले.

एके दिवशी सारजाबाई लेकीला घेऊन आल्या.

"सर, ही आरोही. बारावी झाली. तुमच्या हाताखाली द्यायचीय."

"आता सिद्धी मॅडम शिकवतात."

"त्या असूंद्या. मला तुमीच पायजे. अंगणवाडी बघाया दिल्लीचे सायब आले तवा मी एकलीच विंग्रजीत बोलले. समद्या बाया बघत राहिल्या. ते तुमच्यामुळं न्हाई का?"

आत पोरं आपापल्या यंत्रांशी बोलत होती. हो म्हणावं असं सरांना फार वाटलं. त्यांनी फॉर्म पुढं ओढला.

"सारजाबाई," ते म्हणाले, "तुम्हाला मी चुकीचं शिकवलं. पोरीला तरी नको."

सरांनी शिक्षकाच्या रकान्यात सिद्धीचं नाव लिहिलं आणि सहीसाठी पेन आरोहीच्या हातात दिलं.