मंत्रांना वेसण

मी जे काम करतो ते एका वाक्यात सांगता येतं, आणि नेमकं तेच वाक्य मला चारचौघांत कधी बोलता आलं नाही. मी जादूच्या मंत्रांचा तोल सांभाळतो. खऱ्या नव्हे, खेळातल्या. परदेशातली एक छोटी कंपनी टेबलाभोवती बसून खेळायचे खेळ तयार करते. त्यात एक जण गोष्ट सांगतो, बाकीच्यांपैकी कुणी योद्धा होतो, कुणी चोर, कुणी जादूगार, आणि अडलं तिथे फासे टाकायचे. जादूगाराजवळ मंत्र असतात. एखादा मंत्र इतका जबर निघाला की त्यानेच सगळं जिंकता येतं, तर योद्धा आणि चोर नुसते जांभया देत बसतात आणि खेळाची मजा जाते. असा मंत्र हुडकायचा आणि त्याला काहीतरी आडकाठी घालायची, हे माझं काम. सानगडीजवळच्या आमच्या गावात, धानाच्या कोठीशेजारच्या खोलीत बसून मी ते करतो.

गावात कुणी विचारलं की मी ‘कॉम्प्युटरचं काम’ म्हणून वेळ मारून नेत असे. बाबांपुढे मात्र ते चाललं नाही. खोलीतून दिवसभर फाशांचा आवाज येतो, म्हणजे पोरगा जुगाराला लागला, असं त्यांनी मनाशी पक्कं धरलं होतं. एका दुपारी ते दारात येऊन उभे राहिले आणि कितीक हरलास ते सांग म्हणाले. समजावून काही उपयोग नव्हता. मी त्यांना बाजेवर बसवलं, हातात मंत्रांचे पत्ते दिले आणि म्हटलं, तुम्ही जादूगार व्हा, मी गोष्ट सांगतो.

तिथून पुढे धानाचा रोवणा आणि कापणीचे दिवस सोडले तर दुपारचं जेवण झालं की बाबा हात पुसत माझ्या खोलीत यायचे. आई चुलीजवळून टोमणा मारायची, "बुढ्याले आता भातुकली आणून दे." बाबा तिकडे कानाडोळा करत. खेळात ते भयंकर हट्टी निघाले. एक मंत्र होता, समोरच्याच्या पायाखाली चिखल करायचा, म्हणजे तो जागीच रुतून बसतो. राक्षस आला, चिखल. लांडगे आले, चिखल. राजाचे शिपाई आले तरी चिखलच. मी त्या मंत्राचा पल्ला कमी केला, तर बाबा आणखी जवळ जाऊन चिखल करू लागले. दिवसातून एकदाच करता येईल असं लिहिलं, तर त्यांचा जादूगार झाडाखाली झोप काढून दुसऱ्या दिवसाची वाट बघू लागला. मी वैतागलो, आणि खरं सांगायचं तर मजाही येत होती, कारण मंत्र नेमका कुठे सैल आहे ते मला असंच कळायचं.

एकदा मी कागदावर खाडाखोड करत बसलो होतो, तेव्हा ते पत्ते खाली ठेवून म्हणाले, "चिखल केला तं त्याचेबी पाय भरले पाहिजेत. बांधावर उभं राहून कोणाचा चिखल होते?"

मी तेच लिहून पाठवलं. चिखल आहे तोवर मंत्र म्हणणाराही जागचा हलू शकणार नाही. कंपनीतल्या लोकांना ते फार आवडलं आणि खेळाच्या पुस्तकात ते तसंच छापून आलं. मी बाबांना सांगितलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी ते अख्ख्या गावाला माहीत होतं. तलावाच्या पारीवर, गिरणीत, लग्नाच्या पंगतीत, जिथे कुणी माझा विषय काढेल तिथे बाबा सांगायचे, माहा पोरगा मंत्राले वेसण घालते, आणि एक वेसण म्या सांगतली. लोक हसायचे. मला कानकोंडं व्हायचं. मी त्यांना सांगत जाऊ नका म्हणालो, तर ते म्हणाले, "काहून? चोरी करून राहिला काय?"

मग माझ्या लग्नाचं निघालं. त्याआधी एकदोन ठिकाणी गोष्ट माझ्या कामावर येऊन अडली होती. कारधा गावची एक मुलगी मात्र मला मनापासून आवडली होती. फोनवर आमचं बोलणं व्हायचं, आणि कामाचं विचारलं तेव्हा मी तिला सॉफ्टवेअर टेस्टिंग असं सांगून टाकलं होतं. हे ऐकल्यावर कुणी पुढे काही विचारत नाही. आता तिचे वडील आणि मामा आमचं घर पाहायला यायचे होते, आणि या वेळी काही बिनसू नये एवढंच माझ्या डोक्यात होतं.

पाहुणे आले. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. आईने पोहे दिले. इकडचं तिकडचं, धानाचं, पावसाचं झालं आणि मामांनी विचारलं की मुलगा नेमकं काय करतो. मी तोंड उघडायच्या आत बाबांनी सुरुवात केली. वेसण, राक्षस, चिखल, पाय भरणं, सगळं. हातवारे करून, अगदी रंगात येऊन. मध्येच त्यांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे पुढचं मी सांगावं, आमच्या दोघांची गोष्ट होती ना ती. मामांचा चमचा बशीतच थांबला होता. आमच्या भागात मंत्र म्हटलं की माणसाच्या डोळ्यांपुढे लिंबू आणि बिबे येतात. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "मंत्र म्हणजे? बाहेरचं पाहता काय तुम्ही?"

मी हसलो. म्हणालो, "नाही हो. सॉफ्टवेअर टेस्टिंग आहे. बाबांना त्यातलं काही समजत नाही, ते काहीही सांगतात."

सगळे हसले. बाबांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि मग तेही हसले. "हो बाप्पा," ते म्हणाले, "मले अडाण्याले काय समजते." आणि उठून पाहुण्यांच्या पेल्यांत पाणी भरू लागले. पेले अजून भरलेलेच होते.

त्या वेळी मला लाज वाटली नाही. सुटलो असं वाटलं. आज त्या सुटल्यासारखं वाटण्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटते.

कारध्याहून होकार आला. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर मी मुद्दाम दार उघडं ठेवून पत्ते मांडले. बाबा आले नाहीत. बांधावर काम आहे म्हणाले. रुसले असते तर मला बरं वाटलं असतं, रुसलेल्या माणसाची समजूत काढता येते. ते माझ्याशी नेहमीसारखेच बोलत होते, फक्त खोलीत येत नव्हते. एकदा अंगणात मला थांबवून त्यांनी विचारलं, पाहुण्यांसमोर तू काय म्हणाला होतास, तो शब्द पुन्हा सांग. मला वाटलं, आता बोलतील, ऐकवतील. मी मान खाली घालून सांगितलं. त्यांनी तो दोनतीनदा पुटपुटला आणि दोर खांद्यावर टाकून निघून गेले.

मुलीला मी फोनवर सगळं खरं सांगून टाकलं. ती खूप हसली. राक्षसाचे पाय कसे रुततात ते तिने पुन्हा पुन्हा विचारलं, मलाही खेळायचं म्हणाली. मग थांबून म्हणाली, "पण बाबांना समजत नाही, असं काहून म्हटलं?" तिने तिच्या घरीही सांगितलं. तिच्या वडिलांना त्यात काही वावगं वाटलं नाही. पोरगा मेहनत करतो ना, मग झालं, इतकंच ते म्हणाले. म्हणजे मी जे लपवण्यासाठी बाबांना तोंडघशी पाडलं, ते लपवायची गरजच नव्हती. हे बाबांना सांगायला हवं होतं. रोज ठरवायचो आणि रोज टाळायचो, कारण ते सांगायचं तर माझं ते वाक्य आमच्या दोघांमध्ये पुन्हा आणून ठेवावं लागलं असतं.

साक्षगंध म्हणजे साखरपुडा कारध्याला झाला. मांडवात मुलीचे वडील आणि बाबा शेजारी बसले होते. त्यांच्याकडच्या एका वयस्कर नातेवाइकांनी बाबांना विचारलं, मुलगा काय करतो. मी पाठीमागेच उभा होतो. बाबा सावरून बसले. शर्टाची कॉलर नीट केली आणि एकेक अक्षर सुटं करत, शाळेतल्या पोरासारखं म्हणाले, "सॉफ्टवेअर टेस्टिंग करते."

म्हणजे काय करावं लागतं, असं त्या गृहस्थांनी पुढे विचारलं.

"ते मले नाही समजत," बाबा म्हणाले.

मुलीच्या वडिलांनी वळून माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं माहीत होतं. मला त्यांच्याकडे बघवलं नाही. माझं खोटं आता फक्त एकच माणूस सांभाळत होता, आणि तोही माझ्यासाठी.

जेवणं लागली तेव्हा बाबा गर्दीतून माझ्याजवळ आले. आजूबाजूला कुणी ऐकत नाही ना ते पाहिलं आणि हळूच विचारलं, "बराबर बोललो ना, बाबू?"

मी हो म्हणालो.