एक फेरा उलटा

खर्र, खर्र, खर्र... आणि मग टिण्. अकोल्याच्या आमच्या कौलारू कचेरीतल्या गणनयंत्राचा हा आवाज ऐकून आता कितीतरी वर्षे लोटली. तरी कार्तिकातली कोवळी उन्हे खिडकीशी आली आणि हवेत सरकीचा तेलकट वास दरवळू लागला, की तो माझ्या कानांत पुन्हा सुरू होतो. काळेकभिन्न, बोजड यंत्र ते. उजवीकडे त्याचा दांडा. भागाकार करताना दांडा फिरवत राहायचे, आणि एक फेरा जास्त झाला की आत कुठेतरी घंटी वाजायची. मग मुकाट्याने एक फेरा उलटा फिरवायचा, की हिशेब पुन्हा ताळ्यावर. चूक होताक्षणी सांगणारे आणि ती परतही घेऊ देणारे असे दुसरे काही मला पुढे भेटले नाही.

मी अमरावतीच्या एका भिक्षुकाचा मुलगा. गणिताची पदवी घेऊन सांख्यिकीच्या कचेरीत चिकटलो, तेव्हा मी नेमके करतो काय, हे आमच्या आळीत कुणालाच धड सांगता येईना. वडील पंचांग मांडीवर घेऊन येणाऱ्या वर्षाचा पाऊस सांगत, आणि मी सरत्या हंगामाचे पीक सांगे. तरी छाती धडधडायची ती माझीच. वडील हसून म्हणत, "आमचा पाऊस चुकला त लोक इंद्राले बोल लावतात. तुहा आकडा चुकला त तुलेच लावतील." थट्टाच होती ती, पण त्या वाक्याने माझ्या पोटात कायमचे बिऱ्हाड केले.

भय कशाचे, असे विचाराल? साप डोळ्यांना दिसतो, पुराचा घोष कानांवर येतो. चुकलेला आकडा मात्र बरोबर आकड्यासारखाच दिसतो. तितकाच रेखीव, तितकाच शांत. एकदा तो टपालात पडला की वरच्या कचेरीत पोहोचतो आणि ज्यांनी मला कधी पाहिले नाही, त्यांच्या सुखदुःखाचा निवाडा करीत हिंडू लागतो. त्याच्या खाली सही माझी असते. त्या दिवसांत माझी नेमणूक तर अजून हंगामीच होती.

तेल्हारा तालुक्यातल्या कापसाचा अंदाज माझ्याकडे आला तो अशाच मनःस्थितीत. रीत अशी, की चिठ्ठी टाकावी तसे काही शेतांतले एकेक तुकडे निवडायचे, चार खुंट्या ठोकून दोरी बांधायची, त्या चौकातला कापूस वेचून तोलायचा आणि त्यावरून साऱ्या तालुक्याच्या पिकाचा अंदाज काढायचा. त्या वर्षी कपाशीची पऱ्हाटी कमरेच्या वर गेलेली, बोंडांनी लगडलेली. आणि आमचा आकडा मात्र पार खाली बसलेला. मी यंत्र पुन्हा फिरवले. घंटी जिथे वाजायची तिथेच वाजली. हिशेबात चूक सापडेना, आणि त्यानेच मी अधिक घाबरलो. त्याच आठवड्यात मोठे साहेब तपासणीला यायचे होते. आकडा पटला तर नोकरी कायम, नाहीतर घरी जाऊन पंचांग.

निवडलेल्यांपैकी एका उशिराच्या शेतात पहिली वेचणी अजून व्हायची होती. धीर होता म्हणून नव्हे, राहवेना म्हणून मी पहाटेच्या मोटारीने तिथे गेलो. आमचा वजन करणारा माणूस उन्हे चढल्यावर येई. मी पोहोचलो तेव्हा दव सुकले नव्हते. दोरीने आखलेल्या आमच्या चौकात बाया जमल्या होत्या. पऱ्हाटीच्या बुडाशी हळदकुंकू, दहीभाताचा नैवेद्य: वेचणीच्या आरंभीचे सीतादही चालले होते. पूजा आटोपली आणि प्रत्येकीने त्या चौकातला फुटलेला कापूस ओटीत घेतला. तो घरच्या देवापुढच्या वातींसाठी. शेताची मालकीण गिरजाबाई; तिला मी चाचरत विचारले, "मावशी, या चौकातच का?"

"तुमीच त आखून देल्ला, साहेब," ती म्हणाली. "इतका सुदा चौक आमाले कोठी जमते? आवंदा समद्या गावाईत बाया तुमच्याच चौकात बसल्या."

"आणि हा कापूस?"

"पयला कापूस देवाचा. तो कोनी तोलते काय?"

किती निर्मळ मनाने सांगितले तिने! मी मात्र मनातल्या मनात हिशेब करू लागलो. त्या इवल्या चौकातली एक ओटी म्हणजे तालुक्याच्या हिशेबात गाड्यांमागून गाड्या. सरकारने देवासाठी जागा आखून दिली, असे समजून त्या बायांनी आमचा सन्मान केला होता, आणि त्या सन्मानातच आमचा आकडा बुडाला होता. कुणावर रागवावे?

परतीच्या मोटारीत एक मोह माझ्याशेजारी बसून होता. देवाच्या वाट्यापोटी अदमासे थोडी भर घालावी, आकडा चांगला गुटगुटीत करावा; कोण विचारतो? पण ती भर किती? ओटी कुणाची लहान, कुणाची मोठी. कुणी भक्तीने घेतला असेल, कुणी हावेने. साहेब आले, तेव्हा तालुक्याच्या रकान्यात आकड्याऐवजी मी दोन शब्द लिहून ठेवले होते: 'माहीत नाही'. सांख्यिकीच्या माणसाने हे लिहावे! सीतादहीची सगळी हकीकत मी त्यांना सांगितली.

साहेब पुण्याकडचे, मितभाषी. सगळे ऐकून त्यांनी तो रकाना स्वतः पुन्हा वाचला. मग म्हणाले, "तुम्ही कायम व्हाल. भीती वाटली म्हणून शेतात गेलात." त्यांनी पायाशी ठेवलेल्या फुगलेल्या चामडी बॅगेवर हात ठेवला. "ज्यांना वाटली नाही, त्यांचे आकडे या बॅगेत आहेत."

आनंद व्हायला हवा होता. पण माझी नजर त्या बॅगेवर खिळली, आणि माझ्या नोकरीच्या भयाहून कितीतरी मोठे भय मला त्या न तपासलेल्या आकड्यांत पहिल्यांदा दिसले.

पायरी पायरीने मी चढत गेलो. आज अमरावतीला वरच्या खुर्चीत बसतो, लोक नमस्कार करतात, आणि वडील आल्यागेल्याला कौतुकाने सांगतात, "आमचा पोरगा सरकारचं पंचांग करते." कार्तिक लागला आहे. सरकीचा वास खिडकीतून आत येतो आहे, आणि तशीच आकड्यांनी फुगलेली बॅग आता माझ्या टेबलावर असते. एकेक कागद मी काढतो. सगळे रेखीव, सगळ्यांवर सह्या. 'माहीत नाही' असे त्यांत कुणीच लिहिलेले नसते. मी पेन उचलतो, थांबतो, आणि कान देऊन घंटीची वाट पाहतो.