चैतराम पेंटरने रंगवलेलं पब्लिक

दवनीवाड्याचा चैतराम पेंटर म्हणजे तोंडाने फटकळ आणि हाताने सोनं. दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या मंडईच्या जत्रांमधल्या नाटकांसाठी उभ्या हयातीत त्याने किती राजवाडे आणि किती जंगलं रंगवली, देव जाणे! मग फ्लेक्स आले. छापील राजवाडा एका दिवसात मिळायला लागला आणि चैतरामचे ब्रश माळ्यावर गेले. भांडायलाही कोणी उरलं नाही, तसा गडी घुम्यासारखा ओट्यावर बसून राहू लागला.

अशात नागपूरला अ‍ॅनिमेशन शिकणारी त्याची लेक रेणू घरी आली. तिला एक छोटी फिल्म करायची होती, स्टेजवर संवाद विसरलेल्या नटाची. पण व्हीआरमधली! डोळ्यांवर तो जाडजूड चष्मा चढवला की बघणारा थेट नटाशेजारी स्टेजवर उभा. मान फिरवाल तिकडे चित्र.

"बाबुजी, चारही बाजू तुम्हीच रंगवा. मी फोटो काढून आत टाकीन."

चैतराम असा भिडला की जेवायला हाका माराव्या लागत. मागचा पडदा झाला, दोन्ही विंगा झाल्या, आणि गड्याने ब्रश धुऊन ठेवले.

"आन् चौथी बाजू?" रेणूने विचारलं.

"तिकडं पब्लिक बसते ना वो! पब्लिकले का कोणी रंगवते?"

घ्या! फिल्म महोत्सवाला पाठवायची मुदत तोंडावर, आणि वळून पाहावं तर पांढराफट्ट कागद. रेणूसोबत फिल्म करणाऱ्या जोडीदारांनी फोनवर सरळ सांगितलं, हातची चित्रं काढून टाक, सगळं कॉम्प्युटरवर करू. ते चैतरामच्या कानावर गेलं. इतक्या दिवसांनी हाताला काम मिळालं होतं, तेही जाणार?

"नाहीतर मागं अंधार करून टाकू," रेणू चाचरत म्हणाली.

"अंधार कायले? मी का मेलो?" चैतराम उसळला आणि पुन्हा रंग कालवायला बसला.

नाटक सुरू झालं की तो पडद्याच्या भोकाला डोळा लावून पब्लिकच तर बघत आला होता. बांबूच्या तट्ट्यावर पेंगणारी पोरं, मफलर गुंडाळलेले म्हातारे, पदराआड हसणाऱ्या बाया, तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटणारा शेजारचा कवडू, सगळे भराभर कागदावर येऊन बसले. जोडीदारांनी फोटो पाहिले आणि म्हणाले, आता एक रेघ बदलायची नाही.

रेणूने त्या माणसांना हलतं केलं आणि चष्मा आधी बापाच्याच डोळ्यांवर चढवला.

"रंग फिका दिसून राहिला वो," चैतराम कुरकुरला. मग फिल्ममधला नट अडखळला, गप्प झाला. मागून कोणीतरी खाकरलं तसा चैतराम वळला. अख्खं गाव त्याच्याकडे बघत होतं. एका म्हाताऱ्याने टाळी वाजवली, मग बायांनी, मग सगळ्यांनी. टाळ्या होत्या नटाला धीर द्यायला, पण चैतरामला ते कोण सांगणार? पडद्यामागे जन्म काढलेला तो माणूस अंगणात हात जोडून उभा राहिला. चष्म्याखालून पाणी ओघळत होतं.

"रेणू," तो कसाबसा बोलला, "माह्याकडं पाहून टाळ्या वाजवून राहिले वो!"